सोन्याच्या भावाशेजारी १८१ महिला हेल्पलाइन पण छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी सिडकोत ब्लाउज शिवते, फॉल-पिको पण करते, बावीस वर्षं झाली. पत्र लिहायची सवय नाही, चुकलंमाकलं सांभाळून घ्या पण हे छापा.

मागच्या वर्षी मे महिन्यात एक गिऱ्हाईक आली, तिशीतली असेल, म्हणाली काकू तीन ब्लाउज शिवायचेत, बाही कोपराच्या खाली घ्या. नाशिकचा उन्हाळा आता पूर्वीसारखा राहिलाय का, मी म्हटलं अगं एवढ्या उन्हात कशाला, तर गप्प. दंडाला टेप लावला आणि ती कळवळली. चार बोटांचे वळ, जांभळे, आणि बाजूला जुने, पिवळे पडलेले. खरं सांगते, असे दंड मी आधीही पाहिलेत आणि दर वेळी टेप गुंडाळून पुढचं माप घेतलंय.

या वेळी गप्प बसले नाही, पण जे केलं ते त्याहून वाईट केलं. नवरा गाडीवर न्यायला आला तर त्यालाच बोलले, बायकोवर हात टाकता, शोभतं का तुम्हाला. मला वाटलं चांगलं खडसावलं. दहा दिवसांनी ती आली तेव्हा ओठ फुटलेला होता, म्हणाली काकू परत त्यांना काही बोलू नका, घरी गेल्यावर मला भोगावं लागतं. ते वाक्य अजून कानात आहे माझ्या. म्हणून सगळ्यांना हात जोडून सांगते, त्याला जाब विचारायला जाऊ नका. हिने बाहेर सांगितलं हे कळलं की तो अजून पिसाळतो, आणि ती निघणार असा वास लागला तर सगळ्यात जास्त धोका तेव्हाच असतो, त्यामुळे "आजच्या आज निघ" असं आपण म्हणणं पण बरोबर नाही, कधी निघायचं ते तिलाच जास्त कळतं.

तिच्या मोबाइलचं लोकेशन त्याच्या फोनवर दिसायचं, रात्री तो कॉल, मेसेज, काय सर्च केलं सगळं बघायचा. मग बाईने मदत शोधायची कुठे? एक दिवस माझ्या कटिंगच्या टेबलावर जुना पेपर अंथरलेला होता, आम्ही त्याच्यावरच आखणी करतो, त्यात कोपऱ्यात १८१ महिला हेल्पलाइन असं छापलेलं तिने वाचलं आणि म्हणाली काकू तुमचा फोन देता का. तो तुमचा पेपर होता की दुसरा कुठला, आता आठवत नाही.

१८१ फुकट लागतो, रात्री-अपरात्री पण. तिकडून कळलं की सखी वन स्टॉप सेंटर असतं, तिथे समुपदेशन, डॉक्टर, पोलिस, वकील यांची मदत एका ठिकाणी मिळते आणि पाच दिवसांपर्यंत राहता पण येतं. आणि प्रत्येक जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात, ते घडलेल्या प्रकाराचा अहवाल तयार करून मॅजिस्ट्रेटकडे देतात. वकील सरकारी खर्चाने मिळतो, बाईचं उत्पन्न किती ते बघत नाहीत, त्याचा नंबर १५१००. ती आधी एकदा पोलिसांकडे जाऊन आली होती, तिथे तिला घरचं आहे समजुतीने घ्या सांगून परत पाठवलं होतं, मग ती कुणाला काही बोललीच नव्हती.

पुढचे दीड महिने ती ब्लाउजपीसच्या पिशवीतून एकेक कागद आणत गेली. पोराचा जन्मदाखला, आधार, पासबुक, रेशनकार्डाची झेरॉक्स, लग्नाचा दाखला, एकदा तर मंगळसूत्राची पावती. मी सगळं अस्तराच्या कप्प्यात खाली ठेवलं. एकदा दवाखान्यात गेली तेव्हा बाथरूममधे पडले म्हणाली नाही, खरं सांगितलं आणि कागदावर लिहून घेतलं, वळांचे फोटो माझ्या फोनवर. नवरा फर्स्ट शिफ्टला गेला त्या दिवशी पोराला घेऊन ती निघाली, कुठे ते मी मुद्दाम विचारलं नाही, म्हणजे तो माझ्याकडे आला तरी मला सांगता येऊ नये. आणि तो आलाच होता.

नंतर फोन आला, माहेरच्या कोर्टात केस टाकली म्हणाली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात बाई जिथे राहतेय, तात्पुरती का असेना, तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो, नाशिकला यायची गरज नाही. मारहाण थांबवायचा आदेश, खर्च, पोराचा ताबा, स्त्रीधन परत, हे सगळं त्यातच मागता येतं. आणि फक्त बायकोच नाही, आई, बहीण, लग्न न करता सोबत राहणारी, सगळ्यांना हा कायदा आहे.

मला एक आधी माहीत असतं तर मी त्याच्याशी भांडले नसते. त्याच कायद्याच्या कलम ४ मधे आहे की शेजारीपाजारी, कुणीही, संरक्षण अधिकाऱ्यांना कळवू शकतो, प्रामाणिकपणे कळवलं तर आपल्यावर काही येत नाही. फक्त तिला विचारून कळवा. आणि आत्ता मारतोय, आरडाओरडा ऐकू येतोय, तर मग कसला विचार करत बसू नका, सरळ पोलिसांचा ११२ लावा.

साहेब, तुम्ही रोज सोन्याचा भाव छापता, राशिभविष्य छापता, तिथेच शेजारी १८१, ११२ आणि १५१०० छापा. आठ मार्चला पानभर नको, रोज हवं. मोबाइलवर शोधलं तर मागे राहतं, पेपर घरात सगळेच वाचतात, कुणाला संशय येत नाही. फक्त आकडे जरा मोठे घ्या आणि पानाच्या अगदी कडेला नको, कडेचं कात्रीत जातं.

– एक शिलाईकाम करणारी, सिडको, नाशिक