उरलेले तीन कोर उठवल्याबद्दल

आदरणीय ताई,
स. न. वि. वि.

रास्पबेरी पाय ३ या छोट्या संगणकावर आपलं छोटं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सुरू होताना प्रोसेसरचे चारही कोर आता दर बूटला उठतात, ते तुमच्यामुळे. आभार उघडपणे मानतोय, कारण आमची जी चूक तुम्ही पकडलीत, ती कुणाच्याही हातून होईल अशी आहे.

या चिपमध्ये आधी ग्राफिक्स प्रोसेसर उठतो. एसडी कार्डावरून फर्मवेअर आणि कर्नल रॅममध्ये आणून तोच एआरएम कोर सोडतो. चारही कोर एकच स्टब (सुरुवातीचा छोटा कोड) चालवतात, एमपीआयडीआर (कोरची ओळख सांगणारं रजिस्टर) वाचून आपापला क्रमांक बघतात. शून्य क्रमांकाचा कोर रॅममधल्या हेक्स ८०००० या पत्त्यावरच्या कर्नलमध्ये जातो, बाकीचे डब्ल्यूएफईवर (इशारा येईपर्यंत थांबायची सूचना) झोपतात. त्यांच्यासाठीच्या रॅममधल्या जागा ठरलेल्या: हेक्स ई०, ई८ आणि एफ०. आपल्या जागी शून्याऐवजी पत्ता दिसला की कोर तिकडे उडी घेतो.

घोळ इथेच. पत्ता लिहून लगेच एसईव्ही (झोपलेल्यांना उठवणारा इशारा) दिलं, तर कोर उठतो, शून्यच वाचतो आणि परत झोपतो. लिहिणाऱ्या कोरची कॅशे (रॅमच्या अलीकडची जलद मेमरी) चालू असते, म्हणून पत्ता तिथेच अडकतो. झोपलेल्यांची कॅशे बंद, ते थेट रॅम वाचतात. तुम्ही क्रम लावून दिलात: पत्ता लिहा, डीसी सीव्हीएसी या सूचनेने कॅशेतली ती लाइन रॅमपर्यंत पोचवा, मग डीएसबी (आधीचं काम पुरं होईपर्यंत थांबवणारी सूचना), मग एसईव्ही. डीएसबी गाळली तर कधी चालतं, कधी नाही. शोधायला मध्ये प्रिंट घातला की वेळ बदलते आणि चूक दडून बसते. तुम्ही नुसता कोड वाचून ती पकडलीत!

तुमच्या बाकीच्या सूचनाही लागू केल्या. लिहायचा पत्ता व्हर्च्युअल नव्हे, फिजिकल (मेमरीतला खरा). सी भाषेतलं पहिलं फंक्शन येण्याआधी प्रत्येक कोरला स्वतःचा स्टॅक (फंक्शनच्या कामाची मेमरी), १६ बाइटला जुळलेला. आणि रॅमचे पहिले ४ केबी राखीव, कारण झोपलेले कोर तिथलाच स्टब चालवत असतात. ती जागा ॲलोकेटरने (मेमरी वाटून देणारा कोड) वाटली तर उठताना त्यांना भलताच कोड मिळतो.

आपल्या दुसऱ्या, आरके३३९९ चिपच्या बोर्डावर पीएससीआय (फर्मवेअरकडून कोर चालू-बंद करून घ्यायची पद्धत) आहे, तिथे कोर उठवणाऱ्या सीपीयू ऑन या कॉलला कोरचा अनुक्रमांक नव्हे, एमपीआयडीआरची किंमत द्यायची, हेही तुम्हीच लक्षात आणून दिलंत. ए७२ प्रकारचे दोन कोर तिथे ४ आणि ५ नाहीत, हेक्स १०० आणि १०१ आहेत. कॉलकडून उणे २ (चुकीची किंमत दिल्याचा एरर) येत होतं ते त्यामुळेच.

तुमचा तो क्रम बूट फाइलमध्ये त्या ओळींच्या वरच लिहून ठेवलाय.

कळावे, लोभ असावा.

आपले,
कर्नल गटातले सगळे