व्यवसायाच्या रकान्यात ‘सुतार’ कसं लिहू?

महोदय,

गेली ३७ वर्षं मी मिरजेत तंबोरे घडवतो. मागच्या महिन्यात आमच्याकडच्या दोन मुलांची शिकाऊ उमेदवार म्हणून नोंदणी करायला एका कार्यालयात गेलो होतो. तिथल्या यादीत आमच्या कामाचं नाव सापडेना. टेबलापलीकडचे गृहस्थ म्हणाले, ‘सुतार लिहा.’ मी अर्ज तसाच परत आणला.

सुतारकामाबद्दल मला आदरच आहे. दांडी तासायला मी एका सुताराकडूनच शिकलो. पण उमेदवारी करून शिकावा असा व्यवसाय कोणता, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाही. हाताचं प्रत्येक काम तसं नसतं. पॉलिश पेपर मारायला नवा मुलगा आठवड्यात शिकतो. त्यासाठी त्याला उमेदवार म्हणून ठेवणं म्हणजे स्वस्तात राबवून घेणं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेला भोपळा कुठून कापायचा, हे कळायला मात्र दोन हंगाम जातात. आणि जवारी, म्हणजे तारेचा नाद गुंजता करण्याचं काम? तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कानशीने घासायचा, तार चढवायची, तारेखाली सूत सरकवत ऐकायचं, तार उतरवून पुन्हा घासायचं. केसभर जास्त घासलं की तार बोलत नाही. उस्तादांनी पहिली घोडी माझ्या एकट्याच्या हाती दिली ती पाचव्या वर्षी. तोवर ते शेजारी बसून ऐकत, आणि चुकलं की कानस काढून घेत. ती चूक पुस्तकातून कळत नाही, जाणता माणूस शेजारी लागतो. शिवाय जवारी म्हणजे काय हे पुण्याच्या गवयाला किंवा कोलकात्याच्या सतारियाला समजावावं लागत नाही. शिकलेला मुलगा कुठेही पोट भरू शकतो.

शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. २०१४ च्या दुरुस्तीने ठरलेल्या यादीबाहेरचे वैकल्पिक व्यवसायही त्यात आले. पण त्यांचा अभ्यासक्रम आमच्यासारख्या पाच माणसांच्या कारखान्याने कसा लिहावा? २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आम्ही पेढे वाटले. गेल्या आठवड्यात त्या दोघांपैकी एक मुलगा एमआयडीसीत पॅकिंगला लागला. तिथे पहिल्या दिवसापासून पूर्ण पगार आहे. त्याच्या हातची जवारी नुकती कुठे बोलू लागली होती.

जिल्ह्यातल्या आयटीआयने आम्हा कारागिरांना सोबत घेऊन तीन वर्षांचा अभ्यासक्रम तयार करावा आणि विद्यावेतनाचा भार शासनाने उचलावा, ही विनंती. दुसरा मुलगा अजून येतो आहे. त्याचा अर्ज घेऊन मी पुन्हा जाणार आहे, ‘तंतुवाद्य कारागीर’ असं लिहून.

— एक तंबोरा कारागीर, मिरज