बूट किती सेकंदांत निघतो? कामगार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय: फाउंड्री कामगार आणि अग्निशमन जवान यांच्यासाठी झटकन घालता-काढता येणारे सुरक्षा बूट.

महोदय,

सादर नमस्कार.

मी कोल्हापूरचा. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत, म्हणजे लोखंड वितळवून ओतण्याच्या कारखान्यांत, सत्तावीस वर्षं काढली. त्यातली निम्मी पोअरिंगवर, म्हणजे वितळलेलं लोखंड साच्यात ओतण्याच्या कामावर, उरलेली सुपरवायझर म्हणून. आता घरीच असतो. आपल्याकडे रोज मोठमोठ्या मागण्यांची निवेदनं येत असतील. माझी मागणी कामगाराच्या पायातल्या बुटाच्या नाडीबद्दल आहे, तरी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

पावसाळ्याचे दिवस होते, दुसरी पाळी. हातातली लॅडल, म्हणजे लोखंड ओतायचं भांडं, नीट तापवलेली नव्हती, तिच्या अस्तरात ओल राहिली होती. वितळलेल्या लोखंडाला आम्ही कारखान्यात 'मेटल' म्हणतो. १,४०० अंशांच्या आसपासचं ते मेटल ओल्या अस्तरावर पडलं, ओलीची वाफ झाली आणि मेटल उसळलं. माझ्या शेजारच्या पोअररच्या उजव्या पायावर शिंतोडा आला. तो नाड्यांच्या मधून, बुटाच्या जिभेवरून घसरत आत गेला. पोरगा खाली बसला आणि ओरडायला लागला, "मामा, काढा की ओ! मामा, बूट काढा!"

मी गाठीला हात घातला. हातात चामड्याचे मोजे, त्यात गाठ सापडेना. मोजे फेकले, तर नायलॉनची नाडी वितळून गाठीचा गोळा झालेला. बोटं भाजली, गाठ सुटली नाही. कुणीतरी हॅक्सॉचं ब्लेड आणून दिलं, त्याने नाड्या कापत गेलो. एक, दुसरी, तिसरी. बूट निघाला तेव्हा पायमोजा त्याच्या कातडीला चिकटलेला होता. पुढे मांडीची कातडी काढून पायावर लावावी लागली. तो आज चालतो, पण भट्टीपुढे परत उभा राहिला नाही.

त्या बुटाच्या पुढची स्टीलची टोपी जशीच्या तशी होती. बूट आयएसआय मार्काचा होता, नवा होता, कारखान्याने रीतसर दिलेला होता. आपल्याकडे सेफ्टी शूजला आयएस १५२९८ हे मानक लागू आहे. त्याच्या भाग २ प्रमाणे बुटाच्या टोपीने २०० ज्यूलचा आघात सोसला पाहिजे. म्हणजे वीस किलोचं वजन साधारण एक मीटरवरून टोपीवर पडलं तरी आतली बोटं शाबूत राहिली पाहिजेत. शिवाय १५ किलोन्यूटनचा दाबही सोसला पाहिजे. चांगलं मानक आहे, त्याने असंख्य पाय वाचवले असतील. पण अडचणीच्या वेळी तो बूट पायातून किती सेकंदांत निघतो, हे त्यात कुठे मोजलं जात नाही. त्या संध्याकाळी आम्हाला तेवढंच हवं होतं.

आता पोरं काय करतात ते सांगतो. नाडी एकदाच सैल बांधून ठेवतात आणि बूट चपलेसारखा घालतात. टाच मोडून चपटी झालेली असते. बाहेरचा माणूस बघतो आणि म्हणतो, कामगारांना शिस्त नाही. मीही सुपरवायझर म्हणून याच गोष्टीवरून पोरांना बोललो आहे, दंडाची भीती घातली आहे. ते माझं चुकलं. आपल्याकडे माणूस जेवायला बसताना पायातलं काढतो. भट्टीजवळ देवाची तसबीर असते, पाळी सुरू होताना तिच्यापुढे अनवाणी उभा राहून हात जोडतो. खंडेनवमीला तर भट्टीचीच पूजा असते. चहाच्या सुट्टीत उष्णतेने सुजलेले पाय मोकळे करतो. सकाळी चढवून संध्याकाळी उतरवायचा बूट ज्यांनी आखला, त्यांच्या डोळ्यांपुढे आपला कामगार नव्हता. दिवसातून सात-आठ वेळा तो सहा भोकांतून नाडी ओवत बसेल, अशी अपेक्षा करणंच चूक आहे.

म्हणजे बूट घट्ट बांधला तर वेळेला निघत नाही, आणि सैल ठेवला तर त्याच्या उघड्या तोंडातून मेटल आत शिरतं. दोन्हीकडून भाजतो तो कामगारच.

नाडीला पर्याय आहेत, सगळे मी हाताळून पाहिले आहेत. चेन लावलेला बूट पटकन निघतो, पण फाउंड्रीत सगळीकडे वाळू. चार दिवसांत दाते अडकतात, आणि चेन ऐन वेळी अडकली तर नाडीपेक्षा वाईट. वेल्क्रो सुरुवातीला छान वाटतो. मग वाळू आणि धागे भरून त्याची पकड जाते, आणि तो नायलॉनचा असल्यामुळे उष्णतेपुढे टिकत नाही. परदेशी बुटांवर गोल चकती येते, फिरवली की बारीक तार आवळते, वर ओढली की सगळं एकदम सैल होतं. २००१ मध्ये अमेरिकेत बोआ नावाने ही युक्ती बाजारात आली. ती खरोखर सुंदर आहे, आणि कोरड्या, स्वच्छ जागी काम करणाऱ्यांनी जरूर वापरावी. पण बुटाच्या माथ्यावर उंच आलेली चकती पोअरिंगच्या माणसाला नको, तिथे शिंतोडा अडकून बसेल. आणि तिचा तुटलेला भाग शिरोलीत कोण दुरुस्त करणार?

अखेर तो कापलेला बूट घेऊन मी कोल्हापुरातल्या सुभाषनगरात गेलो. तिथे अण्णा म्हणून माझ्या ओळखीचे एक कारागीर आहेत, कोल्हापुरी चप्पल करणारे, वयाने माझ्यापेक्षा मोठे. अण्णांनी बूट उलटापालटा करून पाहिला, जिभेच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "घरावर कौलं कशी घालतात? वरचं कौल खालच्यावर येतं, म्हणून पाणी आत जात नाही. ह्यात उलटं केलंय. वरनं आलेलं सगळं आत घ्यायला जागा ठेवलीय."

मग त्यांनी कागदावर आखून दाखवलं. पायाच्या माथ्यावर एकसंध चामड्याचा पदर, वरून खाली येणारा, मध्ये एकही भोक नाही. पदराच्या आत दोन्ही बाजूंना इलॅस्टिक, म्हणजे पाय नुसता आत सरकवायचा. पदर बंद होतो तो बाहेरच्या बाजूला, एका रुंद पट्टीने, जड टिचबटणावर. पट्टीच्या टोकाला चार बोटं मावतील एवढी कातड्याची जीभ. मोजे घातलेल्या एका हाताने ती धरून वर हिसका दिला की पदर उघडतो आणि टाचेला दाब देऊन बूट पायातून निघतो. वाकायला नको, गाठ शोधायला नको.

तो नमुना आम्ही जुन्या बुटाच्या तळावर शिवून घेतला आणि मोजे घालून, डोळे मिटून पोरांकडून काढून पाहिला. एक हिसका, आणि बूट बाजूला. नाडीच्या बुटाशी तुलना करायला दुसऱ्या पोराला बसवलं, तर त्याची गाठ मोजे घालून सुटलीच नाही.

महोदय, हा नमुना परिपूर्ण आहे असं मी म्हणत नाही. चपलेचं चामडं झाडाच्या सालीने कमावलेलं असतं, भट्टीच्या धगीला क्रोमने कमावलेलं लागतं. शिलाईचा धागा साधा असेल तर तो आधी वितळतो आणि बुटाची शिवणच उघडते, म्हणून अरॅमिडचा, म्हणजे उष्णतेने न वितळणारा धागा हवा. स्वस्त बुटांना असतो तो पीयूचा (पॉलियुरेथेनचा) सोल गरम वाळूवर मऊ पडतो, आणि कोल्हापूरच्या दमट हवेत दोन-तीन पावसाळे पडून राहिला तर त्याचा भुगा होतो. नायट्राइल रबराचा सोल हवा, ३०० अंशांच्या पृष्ठभागावर एक मिनिट टिकण्याच्या चाचणीत उतरलेला. टोपी आणि तळ ही कारखान्याची कामं आहेत. पण वरचा सगळा पदर, त्याचा बंद, त्याची घडण, ही बुद्धी सुभाषनगरात बसलेली आहे.

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने तशाच चपला मिलानमध्ये दाखवल्या आणि त्या निमित्ताने सगळं जग आमच्या कारागिरांबद्दल बोललं. मला आनंद झाला. पण त्याच शहरात, त्या कारागिरांच्या घरापासून काही किलोमीटरवर, हजारो माणसं रोज मेटलपुढे उभी राहतात. म्हादबा मिस्त्रींच्या काळापासून या गावाने इंजिनं ओतली, शिवाजी उद्यमनगर उभं केलं. एका गावात ओतणारेही आहेत आणि पादत्राणं करणारेही आहेत. या दोघांना आजवर कुणी एका टेबलाशी बसवलं नाही.

अग्निशमन दलाचंही इथेच सांगतो, कारण त्यांची अडचण आमच्याच अडचणीची दुसरी बाजू आहे. आम्हाला बूट लवकर काढायचा असतो, त्यांना लवकर घालायचा असतो. माझा भाचा एका नगरपालिकेच्या दलात आहे. तिथे कॉल आला की जवान गमबुटात पाय घालतात, कारण नाडीला वेळ नसतो. गमबूट मापात बसत नाही, शिडीवर पाय आत सरकतो, आणि पुराच्या पाण्यात उतरलं की तो भरून जड होतो. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता, तेव्हा हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. चांगल्या दलांमध्ये ओढून चढवायचे, उष्णतारोधक बूट पँटीच्या पायात आधीच बसवून ठेवलेले असतात. पाय टाकला की बूट आणि पँट एकदमच चढते. अमेरिकेच्या एनएफपीए १७१० या मानकात आगीच्या कॉलनंतर जवानांनी तयार होऊन गाडी हलवायला ८० सेकंद धरलेले आहेत. त्यातले किती सेकंद पायांत जावेत? १४ एप्रिलला आपण अग्निशमन सेवा दिन पाळतो, १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या ६६ जवानांच्या आठवणीत. त्या दिवशी पुष्पचक्र वाहताना समोर उभ्या असलेल्या जवानांच्या पायांकडेही एकदा पाहावं, ही माझी मनापासूनची विनंती.

मानक ठरवणं केंद्राकडे आहे, हे मला ठाऊक आहे. पण व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता लागू झाली आहे आणि तिच्याखालचे राज्याचे नियम करणं, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयामार्फत ते पाळून घेणं आपल्या खात्याच्या हातात आहे. तिथे एवढं एक वाक्य घालावं: वितळलेल्या धातूजवळ काम करणाऱ्याच्या बुटाला उघडी नाडी नसावी, आणि तो बूट मोजे घातलेल्या एका हाताने, अवजाराशिवाय काढता यावा. फाउंड्री आणि वेल्डिंगच्या बुटांसाठी आयएसओ २०३४९ हे वेगळं मानक जगात आहेच. निरीक्षक कारखान्यात येतो तेव्हा बुटावरचा मार्क बघतो. त्याने एका पोअररला हातमोजे घालायला लावून बूट काढून दाखवायला सांगावं. दुसरा कुठला कागद लागणार नाही.

जुन्या कारखाने अधिनियमाने फाउंड्री धोकादायक प्रक्रियेत धरली आणि तिथे कामगार व व्यवस्थापन यांची समसमान सुरक्षा समिती ठेवायला सांगितली. बुटांची खरेदी त्या समितीपुढे यावी, आणि आधी महिनाभर काहीजणांनी ते घालून बघावेत. आज बहुतेक ठिकाणी दर बघून खरेदी होते. सर्वांत स्वस्त कोटेशन पास होतं आणि ज्याच्या पायात ते जाणार त्याला विचारलं जात नाही. साच्यातले वाळूचे गाभे बनवतात त्या कोअर शॉपमध्ये बायका काम करतात, त्यांना पुरुषांच्या लहान मापाचे बूट देतात. बाईच्या पायाची घडण वेगळी असते, टाच आतल्या आत हलते. कंत्राटी कामगाराला तर ठेकेदार बूट देतो आणि पगारातून पैसे कापतो. सुरक्षेच्या वस्तूचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत असं कायदा सांगतो, तरी हे चालतं. त्याचा एकदा कडक बंदोबस्त करावा.

बुटाचा नमुना तयार करायला पैसा फार लागणार नाही, माणसं एकत्र आणावी लागतील. संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आहे. पवईला आयआयटीचं डिझाइन केंद्र आहे. चेन्नईला केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेनची कोल्हापूर शाखा आहे. आपण एक बैठक कोल्हापुरात लावली तर ही सगळी मंडळी येतील. पण त्या बैठकीला पोअरर, ओतीव माल घासून साफ करणारा फेटलर आणि फायरमन यांना खुर्ची द्यावी, आणि अण्णांसारख्या दोन कारागिरांना. अण्णांना बोलवायला मी स्वतः जाईन.

तो कापलेला बूट अजून माझ्याकडे आहे. जिभेवर वितळलेल्या नाडीचा काळा गोळा तसाच चिकटलेला आहे, आत पायमोज्याचे धागे आहेत. आपण कोल्हापूरला आलात की तो घेऊन येतो. मंत्रालयात या म्हणालात तर मंत्रालयात आणतो.

आपला,
एक निवृत्त फाउंड्री सुपरवायझर
कोल्हापूर