थंड जेवणाचा सण आणि मी

थाययुआन (चीन), 6 एप्रिल

तीर्थरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

माझी प्रकृती उत्तम आहे. 'तिकडे म्हणे चूलच पेटवत नाहीत' असे आईने फोनवर धसका घेऊन विचारले, म्हणून आधी त्याचाच खुलासा करतो. मी दोन्ही वेळा गरम जेवतो. तो हानशी नावाचा, म्हणजे थंड जेवणाचा सण आता नावापुरता उरला आहे आणि लगेच येणाऱ्या छिंगमिंग या पितरांच्या सणात मिसळून गेला आहे. परंतु त्याची कथा याच शान्शी प्रांतातली असल्यामुळे कारखान्यातल्या प्रत्येकाने ती मला निराळी ऐकवली.

प्राचीन चीनमधल्या जिन राज्याचा राजपुत्र छोंगअर 19 वर्षे परागंदा होता. तो उपासमारीने खचला तेव्हा च्ये झत्वेई या सेवकाने स्वतःच्या मांडीचे मांस शिजवून त्याला खाऊ घातले, अशी आख्यायिका आहे. इ.स.पू. 636 मध्ये राजपुत्र गादीवर बसला आणि बक्षिसे वाटताना नेमका यालाच विसरला. च्ये आईला घेऊन म्येनशान डोंगरात निघून गेला. त्याला बाहेर काढण्यासाठी राजाने रान पेटवले आणि त्यात मायलेक जळाले, म्हणून त्या दिवसांत विस्तव वर्ज्य झाला. जुन्या इतिहासग्रंथात मात्र आगीचा उल्लेखच नाही. च्ये लपून राहिला आणि वारला, एवढेच आहे. वसंतात जुना विस्तव विझवून नवा पेटवण्याची रीत आधीची असावी आणि कथा तिला मागाहून जोडली गेली असावी, हे अभ्यासकांचे मत मला पटते. त्याच ग्रंथात त्याची आई त्याला प्रथम म्हणते, तूही जाऊन का मागत नाहीस? बाबा, माझ्या पगारवाढीबद्दल आई काय म्हणते ते आठवा.

आईची काळजी अगदीच अनाठायी नव्हे. एके काळी या भागातले लोक भर हिवाळ्यात महिनाभर थंड अन्न खात आणि म्हातारी माणसे व मुले त्यापायी दगावत. दुसऱ्या शतकात चोउ च्यू या अधिकाऱ्याने लोकांना पुन्हा ऊन अन्न खायला लावले आणि पुढे त्साओ त्साओ या सेनानी-सत्ताधीशाने तर ही प्रथा पाळणाऱ्यांना शिक्षाच ठरवली. तरी सण टिकला. 732 मध्ये थांग सम्राट श्वानझोंगने या दिवसांत पूर्वजांच्या थडग्यांवर जाण्याला राजमान्यता दिली, तेव्हापासून जेवण मागे पडून थडगी झाडणे हेच मुख्य होत गेले.

एक गोष्ट मात्र अजून माझ्या पचनी पडत नाही. लोक पितरांसाठी कागदी नोटा जाळतात. त्या यमलोकाच्या बँकेच्या असतात आणि त्यांवर इतकी शून्ये असतात की मोजता मोजता दमायला होते. शिवाय कागदाचे मोबाइल, मोटारी, बंगलेही मिळतात. ज्यांना गावी जाता येत नाही ते रात्री चौकात खडूने वर्तुळ काढून त्यात जाळतात. वर्तुळाला एका बाजूने वाट ठेवतात आणि आधी थोडे कागद बाहेर टाकतात, म्हणजे बेवारशी भुते तेवढ्यावर समाधानी राहून मुख्य रकमेला हात लावत नाहीत. शहरांतून याला आता मज्जाव केला जातो, पण आमच्या कोपऱ्यावर राख दिसलीच. मी काही जाळले नाही, बाबांनी निश्चिंत असावे. 2008 पासून छिंगमिंगची सरकारी सुट्टी असल्यामुळे कारखाना ओस पडला होता, आणि तू आजोबांकडे कधी जाणार, असे शेजारच्या आजींनी मला सहज विचारले. वर्षश्राद्धाला मी नव्हतो, हे त्यांना सांगितले नाही.

धाकटीच्या कार्यालयाची उरलेली रक्कम या आठवड्यात पाठवतो. बाबांनी मुदतठेव मोडू नये. रजेचा अर्ज दिला आहे, परंतु मे महिन्यात काम फार असल्याने लग्नाच्या आदल्या दिवशीच पोहोचणे होईल, कदाचित तेही नाही. तेव्हा कानपिळीसाठी मामेभावाला सांगून ठेवावे. माझ्या लग्नाचा विषय त्या गर्दीत कृपया काढू नये. मुलीकडच्यांना पत्रिका दिली असेल तर राहू द्या, फोटो मात्र मला विचारून द्यावा.

आपला आज्ञाधारक,
बाळ