चेहरा बघा, मग रुटीन छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही दहा पायऱ्यांचं स्किनकेअर रुटीन छापलंत आणि सोमवारपासून आमच्या मेडिकलमध्ये मुली त्याचा फोटो मोबाईलवर दाखवून यादी वाचतायत. मी फार्मासिस्ट आहे, खरं तर गल्ल्याकडे बघून खूश व्हायला पाहिजे. पण त्या लेखात दहाच्या दहा पायऱ्या सविस्तर आहेत आणि आपली स्किन कुठल्या प्रकारची ते कसं ओळखायचं याबद्दल अर्धी ओळ नाही, म्हणजे पायाचं माप न घेताच चपला वाटल्या. वर घरगुती उपाय म्हणून लिंबू आणि खाण्याचा सोडा. म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, कापायचं तर मधलं कापा पण शेवटचं स्टिरॉइड मलमांचं ठेवा.

ओळखायला मशीन वगैरे काही लागत नाही. संध्याकाळी साध्या सौम्य फेसवॉशने तोंड धुवायचं, टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही, आणि त्यानंतर काही म्हणजे काही न लावता अर्धा-पाऊण तास आपली कामं करायची, कुकर लावा, सिरीयल बघा. मग आरशासमोर जा. सगळा चेहरा ओढल्यासारखा वाटतोय, हसलं की गालाला ताण पडतोय, तर कोरडी. कपाळ, नाक, गाल, हनुवटी सगळं चकाकतंय, टिश्यू दाबला की त्यावर तेलाचा डाग, तर तेलकट. कपाळ-नाक-हनुवटीचा पट्टा तेलकट आणि गाल कोरडे, तर मिश्र. काहीच जाणवत नाही? नॉर्मल, नशीब काढलंत. आणि काहीही लावलं की चुरचुरतं, लाल होतं ती सेन्सिटिव्ह, ती कोरडी पण असू शकते आणि तेलकट पण. हे एकदा बघून वर्षभर तेच धरून बसू नका, कारण पुण्याची हवा एक नाही. एप्रिलच्या दुपारी ओठ फुटतील इतकी कोरडी, आणि जुलैत तेच नाक सकाळी दहालाच तुपकट. डिसेंबरातली जाड कोल्ड क्रीम पावसाळ्यात चालू ठेवायची आणि मग पुटकुळ्या आल्या म्हणून आमच्याकडे यायचं, हे दरवर्षीचं आहे.

एकदा प्रकार कळला की लागतात तीन वस्तू. तोंड धुवायला एक, मॉइश्चरायझर, आणि सकाळी सनस्क्रीन. बास. बाकीच्या सात पायऱ्या हौसेच्या, हौस असेल तर करा, माझी ना नाही, पण एका वेळी एकच नवीन वस्तू आणा, आधी कानामागे किंवा जबड्याच्या कडेला दोन-तीन दिवस लावून बघा आणि पुढची आणायच्या आधी दोन आठवडे जाऊ द्या. दहा वस्तू एकदम लावल्या आणि तोंड लाल झालं तर दोष कुणाचा ते मलाही सांगता येत नाही आणि डॉक्टरलाही.

तेलकट स्किनवाल्यांचं एक ठरलेलं असतं, तेल निघावं म्हणून अंगाच्या साबणाने दिवसातून चार-चार वेळा तोंड धुणं. साबणाचा पीएच (आम्ल की अल्कली ते मोजायचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त) ९-१० च्या आसपास आणि स्किनचा साधारण ५, त्यामुळे तेल जातंच पण वरचा संरक्षणाचा थर पण उसवतो आणि मग तेलकट तोंड वर चुरचुरायला पण लागतं. दोनदा धुणं पुरे. सॅलिसिलिक अॅसिडवाला फेसवॉश यांना चालतो कारण ते तेलात विरघळतं आणि छिद्रात उतरतं. आणि हो, तेलकट असली तरी मॉइश्चरायझर लागतं, फक्त जेलवालं घ्या. कोरडीवाल्यांनी सकाळी नुसत्या पाण्याने धुतलं तरी चालतं, ग्लिसरीन किंवा सिरॅमाइड (स्किनच्या वरच्या थरात असतो तसा स्निग्ध पदार्थ) असलेली क्रीम तोंड ओलसर असतानाच लावायची, आणि मुलतानी मातीच्या वाटेला जायचं नाही, ती तेल शोषते, यांच्याकडे आधीच तेलाची बोंब. मिश्रवाल्यांनी कपाळाला एक आणि गालाला दुसरं लावलं तर कोणी पकडून नेत नाही.

मुरुमांसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइड नेणाऱ्यांना मी दरवेळी सांगते की २.५ टक्क्यापासून सुरू करा आणि उशीला पांढरा अभ्रा घाला. ऐकत नाहीत. मग निळा टॉवेल घेऊन येतात, त्यावर पांढरट-केशरी धब्बे, आणि विचारतात मॅडम ट्यूब डुप्लिकेट आहे का. डुप्लिकेट नाही हो, ते कापडाचा रंग उडवतंच. आणि तुमच्या लेखात रेटिनॉल, म्हणजे व्हिटॅमिन ए चा प्रकार, सगळ्यांना सरसकट सांगितलंय, तिथे प्रेग्नंट असणाऱ्यांनी किंवा तसं प्लॅनिंग चालू असणाऱ्यांनी ते लावायचं नसतं हे एक वाक्य टाकायला जागा नव्हती का?

आता ऊन. आपल्याकडे स्कूटीवर डोळ्यांपर्यंत स्कार्फ, सनकोट, हातमोजे असा सगळा जामानिमा असतो, लोक हसतात पण कापडाने ऊन अडतं, चांगलंच आहे. पण तोच स्कार्फ आठवडाभर डिकीत कोंबून रोज बांधायचा, आत घाम, बाहेर सिंहगड रोडची धूळ, आणि जबड्याशी सारखं घासणं, मग नेमक्या तिथेच पुळ्या येतात. हेल्मेटच्या आतल्या फोमचं कपाळाशी तेच. धुवा ते. केसांना चोपडलेलं खोबरेल कपाळावर उतरतं त्यानेही छिद्रं बुजतात. सनस्क्रीन एसपीएफ ३० चं साधारण ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे उन्हातले स्किन भाजणारे किरण, अडवतं आणि ५० चं ९८, तेव्हा १०० लिहिलंय म्हणून जास्त पैसे मोजू नका, त्यापेक्षा डबीवर 'PA' या अक्षरांपुढे किती अधिकची चिन्हं आहेत ते बघा, ते यूव्हीए, म्हणजे उन्हातल्या खोल जाणाऱ्या किरणांसाठी असतं. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं लागतं, लोक वाटाण्याएवढं लावतात आणि उपयोग नाही म्हणतात. वांग असेल तर आयर्न ऑक्साइडवालं, रंग असलेलं घ्या, कारण वांग नुसत्या दिसणाऱ्या उजेडानेही वाढतो.

लिंबाचं एकदा सांगून टाकते. त्याचा पीएच २ च्या आसपास, शिवाय त्यातली काही द्रव्यं उन्हात रिअॅक्शन देतात, भाजल्यासारखं होऊन काळे डाग राहतात. सोडा उलट्या बाजूचा, अल्कली. आपल्या गव्हाळ-सावळ्या स्किनवर कुठलीही जखम, भाजणं, फोडलेला मुरूम जाताना डाग ठेवून जातो, तो जायला महिने लागतात.

आणि स्टिरॉइड. काउंटरवर बाई स्कार्फ जरा खाली करते, गाल लालभडक, बारीक रक्तवाहिन्या जाळीसारख्या दिसतायत, हनुवटीवर लव वाढलेली. पर्समधून शेपटीपासून गुंडाळत आणलेली ट्यूब काढते, हीच द्या, दुसरी नको. मागचं वाचलं की मोमेटासोन म्हणजे स्टिरॉइड, हायड्रोक्विनोन म्हणजे डाग फिके करणारं, आणि ट्रेटिनॉइन म्हणजे रेटिनॉलचा जोरदार भाऊ, तिन्ही एकत्र. कोणी दिली विचारलं तर जावेने, पार्लरवालीने, कधी एखाद्या मेडिकलवाल्याने. सुरुवातीला चेहरा असा उजळतो की सगळे विचारतात काय लावतेस. मग स्किन पातळ व्हायला लागते, बंद केलं की आग होते, पुळ्या येतात, म्हणून परत लावतात, परत लावलं की बरं वाटतं आणि हे वर्षानुवर्षं चालतं. स्किनच्या डॉक्टरांनी याला नावच ठेवलंय, टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस. २०१८ मध्ये सरकारने अशी स्टिरॉइड मलमं शेड्यूल एच मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, तरी मिळतात, मी दिली नाही तर चार दुकानं पुढे मिळतात, आणि मग मीच वाईट. ज्या डबीवर बॅच नंबर नाही, कंपनीचा पत्ता नाही अशी गोरं करणारी क्रीम त्याहून वाईट, असल्या क्रीममध्ये पारा सापडलेला आहे आणि पारा किडनीवर जातो.

पुढच्या पुरवणीत यावर एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाकडून लिहून घ्या, गोरेपणा हा शब्द न वापरता लिहिलं तर फारच बरं. ज्यांची आधीच ट्यूब चालू आहे त्यांनी लेख वाचून एकदम बंद करू नये, डॉक्टरला दाखवून कमी करावी. प्रायव्हेटची फी परवडत नसेल तर ससूनला त्वचारोगाची ओपीडी आहे, केसपेपर काढून रांगेत बसावं लागतं, अर्धा दिवस जातो, पण जा, आणि जाताना जे जे तोंडाला लावताय ते सगळं, अगदी संपलेल्या ट्यूबासुद्धा, पिशवीत घालून न्या, नाव आठवत नाही म्हटलं की तिथे डॉक्टरलाही काही करता येत नाही.

– एक वाचक, फार्मासिस्ट, नारायण पेठ, पुणे