शाळेतली प्रथमोपचार पेटी उघडा तरी!

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

शाळेत पोरांना प्रथमोपचार शिकवतात का, असं कोणत्याही शाळेत विचारा, "पेटी आहे ना आमच्याकडे" हे उत्तर ठरलेलं. आमच्याकडच्या शाळेतली पेटी मी बघितलीये, ऑफिसच्या कपाटात, किल्ली क्लार्ककडे, आत सुकलेला कापूस, तारीख उलटलेलं मलम आणि चिकटपणा गेलेल्या पट्ट्या. मध्यंतरी एका पोराचा घोळणा फुटला तर मोठ्या माणसांनीच त्याची मान मागे टाकली, रक्त सगळं घशात, पोरगं ओकायला लागलं. खरं तर पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरायचा आणि तोंडाने श्वास घ्यायला सांगायचं एवढंच काम, चौथीतलं पोर पण करेल.

माझं म्हणणं असं की पोरांना आधी काय करायचं नाही ते शिकवा, कारण आपल्याकडे अर्धं नुकसान घरच्या उपायांनीच होतं. भाजलं की टूथपेस्ट नाहीतर हळद, कुत्रा चावला की चुना किंवा मिरची, आकडी आली की नाकाला कांदा नाहीतर चप्पल आणि दातात चमचा. भाजल्यावर वीस मिनिटं नळाखाली धरणं आणि कुत्रा चावल्यावर पंधरा मिनिटं साबणाने धुऊन लगेच लशीला नेणं, यात अवघड काय आहे?

पण सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा तो सर्पदंशाला. भातलावणीच्या दिवसांत पोरं बांधावरून शाळेत येतात. पान लागलं, म्हणजे साप चावला, की अजूनही पाय करकचून आवळतात, ब्लेड मारतात, वर देवळात नाहीतर मांत्रिकाकडे नेतात. घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर आवळल्याने पाय वाचायच्या ऐवजी जायची वेळ येते, आणि मण्यार झोपेत चावली तर कधीकधी खूणसुद्धा दिसत नाही, त्यामुळे "काही नाही, पोटात दुखतंय" म्हणून सकाळपर्यंत थांबतात. पेशंटला चालवायचं नाही, पाय हलू द्यायचा नाही, साप मारत बसायचं नाही, सरळ सरकारी दवाखाना गाठायचा. हे पोराने घरी जाऊन आजीला सांगितलं तर आजी ऐकते हो, आमचं ऐकत नाही.

१०८ ला फोन लावायचा सराव पण घ्या. गाव, वाडी, जवळची खूण सांगायची, समोरचा सांगेपर्यंत फोन ठेवायचा नाही. आईच्या मोबाईलला लॉक असलं तरी इमर्जन्सी कॉल लागतो हे किती पोरांना माहितीये? आठवीच्या पुढे, हृदय बंद पडलं तर छाती दाबणं (सीपीआर) शिकवा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, सराव उशीवर सुद्धा जमतो. हे बारा वर्षांपासूनच्या पोरांना वर्षाला दोन तास शाळेत शिकवावं या कल्पनेला जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच पाठिंबा दिलाय.

आता कोणी म्हणेल वेळ कुठे आहे. शाळांमध्ये आनंददायी शनिवार हा उपक्रम आहे ना, त्यात आपत्ती व्यवस्थापन पण आहे म्हणे, मग त्यातला एक शनिवार प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला बोलवा, जमलं तर आशाताईंना पण. लेखी परीक्षा मात्र घेऊ नका कृपा करून, नाहीतर "प्रथमोपचाराचे महत्त्व पाच ओळीत लिहा" सुरू होईल. आणि जून संपायच्या आत घ्या, लावणी काय दिवाळीपर्यंत थांबत नाही.

आपला,
एक पालक, ता. चिपळूण