‘न कापलेला’ म्हणून कापलेला सुइसेकी दगड पाठवल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मी एक सुइसेकी, म्हणजे निसर्गदृश्यासारखा दिसतो म्हणून जपानी पद्धतीने मांडून ठेवायचा दगड, मागवला. सोबत डाइझा (दगडासाठी कोरलेली लाकडी बैठक) आणि सुइबान (उथळ तबक) होते. वर्णनात ‘क्योतोच्या कामो नदीतला, तोयामा-इशी, म्हणजे दूरच्या डोंगरासारखा दिसणारा, पूर्णपणे नैसर्गिक, न कापलेला’ असे स्पष्ट लिहिले होते. किंमतही त्याच हिशेबाने लावली होती.

दगड डाइझातून उचलून उलटा केला, तर तळ पाट्यासारखा सपाट. त्यावर करवतीच्या पात्याचे समांतर ओरखडे आहेत, त्यांत नख अडकते. कडेची धार घासून बोथट केलेली आहे. डाइझा तर दगडाच्या तळाचे उंचसखल बघून कोरायचा असतो, दगड त्यात आपसूक बसला पाहिजे. इथे तो हलतो, आणि फट बुजवायला सुतारकामातली लांबी (पुट्टी) भरली आहे! ती वाळून पिवळी पडली आहे.

वरचा काळसर तजेलाही खरा नाही. तो पाणी, ऊन आणि हाताळणी यांनी वर्षानुवर्षे यावा लागतो. दगडाच्या अशा जोपासनेला जपानी लोक योसेकी म्हणतात. या दगडावर मी पाणी शिंपडले, तर ते थेंब होऊन घरंगळून गेले. मेणाचे पॉलिश आहे, खाचांत त्याचा पांढरा थर साचला आहे.

सुइबानला भोके नसतात, कारण त्यात वाळू पसरून पाणी घालायचे असते. आपण बोन्सायची भोके असलेली कुंडी पाठवलीत. पाणी थेट टेबलावर आले.

फोनवर आपल्या प्रतिनिधी म्हणाल्या, “सर, तळ दिसतच नाही, मग अडचण काय?” जपानमध्येही तळ कापलेले दगड मांडले जातात, याची मला कल्पना आहे. कापलेला म्हणून विकला असता तर माझी तक्रार नव्हती, किंमत मात्र ही दिली नसती. नंतर ईमेल आला : ‘नैसर्गिक वस्तूंमध्ये फरक असतोच, त्यामुळे परतावा मिळणार नाही.’ करवत निसर्गात कुठे असते, तेवढे कळवावे.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे जाहिरातीतल्या वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. पूर्ण रक्कम परत करावी आणि दगड आपल्या खर्चाने घेऊन जावा. बदली दगड नको. विक्रेत्याने ‘कामो नदी’ कशाच्या आधारावर लिहिले, तेही लेखी कळवावे. अन्यथा 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

तपासणीसाठी लांबी आणि मेण तसेच राहू दिले आहे.

आपला,
एक ग्राहक, पुणे

सोबत : पावती, वर्णनाचा स्क्रीनशॉट, तळाचे व डाइझाचे फोटो